भांड्यावर नाव न टाकणारा सोपान

शहागडला हायवेच्या कडेला सोपानचं भांड्यांचं दुकान होतं. स्टील, पितळ, जर्मन, सगळं मिळायचं. फक्त घेतलेल्या भांड्यावर नाव टाकून मिळायचं नाही. कुणी मागितलंच तर तो सरळ सांगायचा, "नाव टाकायचं असंल तर वडीगोद्रीला जा." आपल्याकडं भांड्याला नाव लागतंच. लग्नात दिलेला हंडा असो नाहीतर बारशाची वाटी, तिच्यावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, गाव, असं सगळं कोरलेलं असतं. पंगतीसाठी गल्लीतून गोळा केलेली भांडी नावामुळंच आपापल्या घरी परत येतात. असं असताना भांडीवाल्यानं नाव टाकायला नाही म्हणणं म्हणजे न्हाव्यानं दाढी करायला नाही म्हणण्यासारखं होतं.

त्यातून हा लिंबाजीचा मुलगा. लिंबाजी बाजाराच्या दिवशी गोणपाट अंथरून बसायचा आणि छिन्नी-हातोडीनं नावं टाकायचा. माझ्या लग्नातल्या घागरीवर त्याच्याच हातचं नाव आहे. घागरीला पोचे पडले, बूड एकदा बदलून आणलं, पण नाव तसंच आहे. सोपान हे काम बापाजवळ बसून शिकला, मग फौजेत गेला, आणि रिटायर होऊन आल्यावर त्यानं दुकान टाकलं. नाव टाकायची लाईटवरची मशीनसुद्धा आणली. ती खोक्यातून बाहेर कधी निघाली नाही.

सोपानला जाऊन आता वर्ष होत आलं. त्याच्याबद्दल लिहायला बसले त्याचं कारण एवढंच, की तो बरोबर होता का चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माणसाबद्दल ठरवायला मला सहसा इतका वेळ लागत नाही.

आमच्या दोन घरांत एक भिंत. त्यामुळं तो किती वाजता उठतो, कधी शिंकतो, सगळं आम्हाला कळायचं. उंच, वाळलेला, कान मोठे. कपड्यांच्या घड्या अशा घालायचा की त्याची बायको सुमन म्हणायची, "आक्का, ह्याला माझ्या लुगड्याला हात लावू देऊ नका, बंदुकीच्या पेटीत ठेवल्यासारखं ठेवतो." कुणीही काही बोललं की तो "बराबर" म्हणायचा. भाव जास्त आहे म्हटलं तरी "बराबर", आणि भाव कमी करायचा नाही. दुकानात माणूस आलं की आधी पाणी. गिऱ्हाईक असो, पत्ता विचारणारा ट्रकवाला असो, पाणी पिऊन झाल्याशिवाय तो तोंड उघडायचा नाही.

आणि आडनाव कधी विचारायचा नाही. आमच्या भागात एसटीत शेजारी बसलेला माणूस दुसऱ्या वाक्यालाच गाव विचारतो आणि तिसऱ्याला आडनाव. त्यावरून तो जवळ सरकून बसायचं का खिडकीबाहेर बघायचं ते ठरवतो. दुकानात असं बोलणं निघालं की सोपान मधेच म्हणायचा, "पहिलं नाव बस्स." फोनमध्येसुद्धा त्यानं कुणाचं आडनाव घातलं नव्हतं. सखाराम ट्रॅक्टर, सखाराम मिशी, सखाराम बहिरा, अशी सगळी यादी. सुमन एकदा तो फोन मला दाखवत म्हणाली, "माझं काय लिहिलंय बघा, 'सुमन घर'. मंग दुसरी सुमन कुठं ठिवलीय, इचारा की."

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा रांग लावायचं काम आपोआप त्याच्याकडं आलं. आमच्याकडं रांगेत माणूस उभं राहत नाही, हंडा उभा राहतो. हंडा ठेवायचा आणि सावलीत जाऊन बसायचं. हंडे सगळे एकसारखे असले की भांडणं होतातच. बाकी कुणी असता तर ऑइलपेंटनं नावं लिहून मोकळा झाला असता. सोपाननं प्रत्येकीच्या हंड्याला वेगवेगळ्या कापडाची चिंधी बांधली. "ही तुमच्या परकराची चिंधी, हिला वळखा," असं बायांना सांगायचा, आणि बाया हसून हसून बेजार. मला ते वेडपटपणाचं वाटायचं. मी त्याला तोंडावर म्हटलंही होतं.

माझ्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा मी त्याच्याकडून पितळेचा हंडा घेतला आणि म्हटलं, "ह्याच्यावर नाव टाक. 'वैष्णवीस आजीकडून सप्रेम भेट', आणि खाली आपलं गाव."

"आक्का, वडीगोद्रीला जा."

"वडीगोद्रीला का म्हणून जाऊ? मशीन तुझ्या मागं फळीवर हाय."

"हाय."

"लाईट हाय?"

"हाय."

"हात मोडला का?"

"न्हाई मोडला."

"मंग लिंबाजीच्या पोटी तू असा कसा निपजला? तुझ्या बापानं अख्ख्या तालुक्याच्या भांड्यांवर नावं टाकली, अन् तुला एका हंड्याचा कंटाळा?"

मी खाली फरशीवर बसले. म्हटलं, नाव टाकल्याशिवाय उठणार नाही. दुपार झाली, गिऱ्हाईक येऊन गेलं, त्यानं मला तीनदा पाणी दिलं. मी तीनदा प्याले आणि तशीच बसले. शेवटी तो काउंटरच्या आतून बाहेर आला, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "सांगतो. पर सुमनला म्हाईत न्हाई. तिला वाटतं मला आळस हाय. तसंच ऱ्हाऊ द्या."

त्या दिवशी आणि पुढं आणखी तीन-चार दुपारी त्यानं मला सांगितलं ते असं.

फौजेत तो पाण्याच्या कामावर होता. नदीचं गढूळ पाणी मशीनमधून काढून प्यायजोगं करायचं, हे त्याचं काम. नोकरीच्या शेवटी त्याच्या पलटणीला आफ्रिकेतल्या एका देशात पाठवलं. देशाचं नाव त्यानं मला दहादा सांगितलं, ते माझ्या डोक्यात बसत नाही. तिथं दोन जमाती एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. मी विचारलं, "दिसायला वेगळ्या होत्या का?" तो म्हणाला, "मला तर सगळे सारखेच दिसायचे, आक्का. त्यांचं त्यांनाच कळायचं." जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून तिथं फौज पाठवली होती, निळ्या टोप्या घालून. आपलीही त्यात होती. छावणीला तारेचं कुंपण होतं, आणि जीव वाचवायला पळून आलेली माणसं त्या कुंपणाला चिकटून हजारांनी राहिली होती. बाहेरच्या देशांनी त्यांच्यासाठी ताडपत्र्या पाठवल्या, औषधं पाठवली, ज्वारीची पोती पाठवली. ज्वारी बघून सोपानला गंमत वाटली होती. तिथल्या बाया तिचं पातळ धिरडं करतात म्हणाला.

"मारणाऱ्यांना थांबवायला कुणाला पाठवलं होतं?" मी विचारलं.

"आमालाच."

"मंग थांबवलं का?"

"कागदावर लिहिलेलं होतं, लोकांना वाचवा. अन् वरून वायरलेसवर यायचं, थांबा, इचारून सांगतो."

"मंग तुमी तिथं गेल्ते कशाला?"

"मी पाणी द्यायला गेल्तो," तो म्हणाला. "बाकीच्यांचं मला सांगता येणार न्हाई."

नळ गेटच्या बाहेर होते. माणसं पहाटेपासून उन्हात उभी असायची, तर सोपाननं आपल्या गावची रीत तिथं लावून दिली. माणसानं उभं राहायचं नाही, कॅन उभा राहील. पिवळे प्लास्टिकचे कॅन, बाहेरच्या देशांनीच वाटलेले, सगळे हुबेहूब सारखे. लोकांना ती रीत आवडली. लांब एक मोठं झाड होतं, त्याच्याखाली सगळे जाऊन बसायचे. पण मग कॅनवरून भांडणं लागली. हा माझा, तो तुझा. एका म्हातारीचं डोकं फुटलं. तेव्हा लिंबाजीच्या ह्या मुलाला जे सुचायचं तेच सुचलं. त्यानं लोखंडी सळई तापवली आणि कॅनवर नावं टाकायला बसला. रंगानं लिहिलं तर धुतलं जाईल, म्हणून प्लास्टिक जाळून इंग्रजी अक्षरं कोरली. बापाचा हात होता. अक्षरं अशी सुरेख निघाली की त्याचे साहेब बघायला आले.

लोक एकच नाव सांगायचे. मेरी, जॉन, पीटर. सोपान म्हणायचा, "इथं मेरी ईस हायेत, कोणती मेरी?" म्हणून त्यानं आपल्यासारखंच केलं. तिचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव. बोललेलं समजावून सांगायला जोसेफ नावाचा तिथलाच एक माणूस होता. तो एकदा हळूच म्हणाला होता, "साहेब, पहिलं नाव बस्स झालं." सोपानला वाटलं, ह्याला कामाचा कंटाळा आलाय. लोक नाव सांगताना इकडंतिकडं बघायचे, आवाज बारीक करायचे, ते त्याला दिसलं होतं. त्याला वाटलं, लाजतात.

"मंग सांगितलं कशाला त्यांनी?" मी म्हटलं.

"नळ माझ्या हातात होता, आक्का. नळवाल्याला न्हाई कोण म्हणणार?"

त्यांच्यात बापाच्या आणि आज्याच्या नावावरून जमात कळते. पहिलं नाव त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ठेवलेलं, ते दोन्ही जमातींत सारखं. ते लोक कुंपणाशी मुद्दाम एकेका नावानं राहत होते, म्हणजे कुणी कुणाला विचारू नये. हे त्याला नंतर कळलं. आपल्याकडं तरी वेगळं काय आहे? नुसत्या सुमनवरून काही कळत नाही, पुढचं ऐकलं की कळतं. हे त्याला गावात कळत होतं आणि तिथं कळलं नाही, ह्याचं मला आधी नवल वाटलं. मग वाटलं, भांड्यावर नाव टाकताना आपल्यातलं तरी कोण असा विचार करतं?

त्यातली एक मेरी त्याच्या चांगल्या ओळखीची झाली होती. रोज सगळ्यात आधी यायची, लांबूनच "इंडिया!" अशी हाक मारायची आणि त्याच्या चालण्याची नक्कल करायची. दोन लेकरं होती. तिच्या कॅनवरचं नाव सगळ्यात लांब, दोन ओळींत बसवावं लागलं. तिनं ते हातानं चाचपून बघितलं आणि म्हणाली, माझ्या बापाचं नाव मी पहिल्यांदाच लिहिलेलं बघतेय. हे सांगताना सोपाननं उगीचच दोन पातेली उचलून परत जागेवर ठेवली.

एका सकाळी रांगेत कॅन उभे होते आणि माणसं झाडाखाली होती. एक गाडी आली. चपला घातलेली दहा-बारा पोरं उतरली, खांद्यावर बंदुका. त्यांनी कुणाला मारलं नाही, गोळी झाडली नाही. त्यांच्यातल्या एकाला वाचता येत होतं. तो रांगेनं वाकून वाकून एकेक नाव मोठ्यानं वाचत गेला. काही कॅन लाथेनं बाजूला सारले, काही गाडीत टाकले. झाडाखाली एकही माणूस हललं नाही. सोपान गेटवर होता. त्यानं वायरलेसवर विचारलं, उत्तर आलं, थांबा. जाताना त्या वाचणाऱ्या पोरानं सोपानला रामराम केल्यासारखा हात वर केला.

"अन् तू?"

"मीबी केला," सोपान म्हणाला. "हात आपोआप वर गेला."

एकतीस कॅन गेले. कॅनचे मालक नवीन कॅन मागायला आले, त्यावरून त्याला कळलं कुणाचे गेले ते; त्यात मेरीचाही होता. वर कळवलं गेलं, कॅनची चोरी. पुढच्या आठवड्यात सरपणाला बाहेर गेलेली माणसं परत येईनाशी झाली. मेरीसुद्धा गेली ती आली नाही. लेकरांना कुणीतरी घेऊन गेलं. जोसेफ गाडी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही, नाहीतर नेलेली नावं एकाच जमातीची होती का, ते त्यानं सांगितलं असतं.

इथं माझा गोंधळ सुरू होतो. ज्यांचे कॅन गेले त्यांच्यातल्या कितीतरी घरांना काहीच झालं नाही. आणि ज्यांचे कॅन जागेवर राहिले, त्यांच्यातलीही माणसं गेली. मी म्हटलं, "मंग कॅनचा काय संबंध? नवे कॅन होते, चोरले असतील. त्यांनाबी पाणी भरायला लागतच असंल."

"बराबर. पर मंग वाचले कशाला?"

मी दुसऱ्या दिवशी परत गेले आणि म्हटलं, "चोरानं वाचलं असंल. आपण बाजारात पाटी वाचतो तसं."

"बराबर," तो म्हणाला.

पुढं चौकशीला तीन माणसं विमानानं आली. मोठ्या टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या. त्यांनी सोपानला तीन गोष्टी विचारल्या. गाड्या किती होत्या, बंदुका कोणत्या होत्या, गोळीबार झाला का. एक, रायफली, न्हाई. झालं. कॅनचं कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही, कारण शेजारी त्याचे साहेब उभे होते आणि विमानाची वेळ झाली होती. परत यायच्या आधी सगळ्या पलटणीला एक पदक मिळालं. ते घरात सुमनच्या बांगड्यांच्या डब्यात असायचं.

शेवटच्या दुपारी मी हंडा घेऊन उठले आणि वडीगोद्रीला जाऊन नाव टाकून आणलं. सोपानचं सगळं ऐकूनही आणलं. बिननावाचा हंडा लग्नात कसा द्यायचा? त्याला ते दिसलं.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या भागातलं वातावरण बिघडलं. कोणत्या जातीच्या दुकानातून माल घ्यायचा आणि कोणत्या नाही, हे लोक उघड बोलायला लागले. सोपानच्या दुकानावर नुसतं 'भांड्यांचे दुकान' एवढीच पाटी होती. गावातले चार तरुण आले. मी तेव्हा तिथं डब्याचं झाकण शोधत होते.

"फौजी काका, पाटीवर आडनाव टाका. आपल्या माणसाला कळलं पाह्यजे."

"भांडं घ्यायचंय का आडनाव?"

"काका, मजाक नका करू. लोक इचारून राह्यले. तुमी कोणत्या बाजूनं हायेत?"

"मी काउंटरच्या ह्या बाजूनं," सोपान म्हणाला. "पाणी प्या."

ते पाणी न पिता गेले. त्यानंतर महिनाभर इकडचंही गिऱ्हाईक येईना आणि तिकडचंही येईना. सुमननं त्याला घालूनपाडून बोलून घेतलं. "दोन शब्द टाकायला काय होतंय? अर्धं गिऱ्हाईक तरी येईल. असं तर सगळंच गेलं." तिचं चुकलं असं मला वाटत नाही. सोपान मात्र मला म्हणाला, "आक्का, तीबी असलीच पोरं होती. चपला घातलेली. बोलायला गोड." मी म्हटलं, "काहीतरीच बोलू नको. ही आपल्या डोळ्यांसमोरची लेकरं हायेत. अन् इथं कुठं बंदुका हायेत?" तो बराबर म्हणाला. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी स्वतः एका दुकानाची पाटी वाचून पुढं गेले होते. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप पुढं गेले.

गेल्या वर्षी एक दिवस तो मला बोलवायला आला. चेहरा असा की मला वाटलं, कुणी गेलं. म्हणाला, "दिल्लीहून एका पोरीचा फोन येणार हाय, दुपारी. तुमी येऊन बसा. मला एकट्याला बोलता येणार न्हाई." सुमन माहेरी गेली होती. मी जाऊन बसले.

फोनमध्ये एक मुलगी दिसत होती, केस बारीक कापलेले, हिंदी बोलत होती. त्या देशात तेव्हा काय झालं, बाहेरच्या देशांनी काय केलं आणि काय केलं नाही, हे गोळा करायचं काम ती करत होती. सोपानच्या जुन्या साहेबांकडून तिला नंबर मिळाला होता. आधी तिनं गाड्या, बंदुका, वायरलेस हेच विचारलं. मग शेवटी म्हणाली, "आणखी काही सांगायचंय?"

इतकी वर्षं हेच कुणीतरी विचारावं म्हणून तो बसला होता. त्यानं कॅनचं सगळं सांगितलं. हिंदी त्याचं फौजेतलं, सपासप. मुलगी लिहायची थांबली. म्हणाली, "हे कुठल्याच कागदात नाही." मग तिनं तिची अडचण सांगितली. हरवलेल्या माणसांची यादी तिच्याकडं होती, पण त्या लोकांनी एकेकच नाव दिलेलं, त्यामुळं यादीतही तेवढंच. नुसत्या मेरीच चाळीस. कोणती मेरी कुणाची, कळायला मार्ग नव्हता. लांबच्या देशांत पसरलेले नातेवाईक अजून विचारत होते. "तुम्हाला पूर्ण नावं आठवत असतील," ती म्हणाली, "तर घरच्यांना निदान कळेल."

सोपाननं विचारलं, "लिहिणार कुठं?"

"अहवालात."

"वाचणार कोण?"

"कुणीही वाचू शकेल."

"तिथले लोक?"

"हो."

"दोन्हीकडचे?"

मुलगी खोटं बोलली नाही, एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन. "दोन्हीकडचे," ती म्हणाली. "तिथं अजून सगळं मिटलेलं नाही."

सोपाननं फोनवर हात ठेवला. "आक्का, सांगू का?"

"किती आठवतात तुला?"

"एकतीसच्या एकतीस. हातानं कोरलेलं इसरत न्हाई."

नावं सांगितली तर ज्यांची माणसं गेली त्यांना कळेल. पण त्या एकतीसमधले जे जगलेत, त्यांची परत यादी होईल, आणि ह्या वेळेला कॅनवर नाही, जगाला वाचता येईल अशी. मी म्हटलं, "मेरीचं एकटीचं सांग. ती तर गेलीच आता."

"गेली का न्हाई, तेच तर ठाव न्हाई."

"मंग नको सांगू."

"मंग तिच्या लेकरांना कळंल कसं? त्यांना तर आईचं नावबी मेरीच म्हाईत असंल."

मला राग आला. "मला कशाला इचारतो? मी चौथी शिकलेली बाई. त्या मोठ्या लोकांनी तुला तिथं पाठवलं, त्यांना इचार."

त्यानं फोनवरचा हात काढला. मेरीचं नाव सांगितलं, मग बापाचं, मग आज्याचं, मग गावाचं, एकेक शब्द सुटा करून. मुलीनं म्हणून दाखवलं, ते चुकलं, त्यानं दुरुस्त केलं. परत चुकलं, परत दुरुस्त केलं. मग ती म्हणाली, "आणि बाकीची?"

"इसरलो," सोपान म्हणाला.

तिनं आणखी दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा तेच म्हणाला. फोन ठेवून तो मला काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. पण स्टोव्हची पिन मागायला एक बाई आली, तो उठून तिला पाणी द्यायला गेला. मीही घरी आले. त्यावर आम्ही बोललो नाही.

शेवटचा दिसला तो शहागडच्या फाट्यावर. छातीचं दुखणं वाढलं म्हणून सुमन त्याला औरंगाबादला दवाखान्यात घेऊन निघाली होती. मी बाजारातून येत होते. एसटी उभीच होती, तो खिडकीशी होता, तोंड सुकलेलं.

"आक्का, त्या पोरीला मी खोटं बोललो."

"म्हाईत हाय मला."

"बराबर केलं का?"

"तू आधी तपासून ये. मंग बोलू."

"मंग कधी?" तो म्हणाला. "निदान एका माणसाला तरी म्हाईत असावं. लिहू नका. नुसतं ऐका."

तेवढ्यात गाडी सुरू झाली. पलीकडून एक ट्रक गेला, धुळीचा लोट आला, आणि सुमननं त्याच्या अंगावरून हात घालून काच ओढून घेतली. आत त्याचे ओठ हलत होते, एकेक शब्द सुटा करून. एक नाव, मग बापाचं, मग आज्याचं. गाडीच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता. मी मान हलवली, ऐकू आल्यासारखी.